तुळशी सुईण मागे वळली नाही

शेव्यातल्या आगरी वस्तीत तुळशीला लोक तिच्या हातावरून ओळखत. "हलका हात हाय बायचा," असं बायका म्हणायच्या. बाळ आडवं असलं तर ती पोटावर तेल चोळत चोळत त्याला सरळ करी, आणि ते करताना बाळंतिणीशी भलतंच काहीतरी बोलत राही. यंदा मीठ कसं पांढरंशुभ्र पडलंय, कुणाच्या म्हशीला रेडी झाली. बाई ऐकता ऐकता कळा विसरायची. हे काम तिला सासूकडून आलं होतं. नवरा बुधाजी मिठागरावर राबायचा, एकुलता मुलगा अनंता मुंबईला गोदीत लागला होता.

बोलावणं आलं की ती निघे. कुणाचं घर, कुणाचा देव, हे तिनं कधी पाहिलं नाही. उरणच्या मोहल्ल्यात बीबन नावाची दाई होती. तिचं कुठं अडलं की ती तुळशीला निरोप धाडी. उरणच्याच बाजारात पास्कूची पावाची भट्टी होती. पास्कू ख्रिस्ती. त्याच्या घरी तुळशी चार वेळा गेली, आणि चारही वेळा त्याची बायको रेजिना हिला मेलेलं मूल झालं.

एवढ्या वर्षांत असं दुसऱ्या कुठल्या घरात झालं नव्हतं. चौथ्या वेळी रेजिनानं तिचं मनगट धरून विचारलं, "तुळशीबाय, तुझा हात सगळ्यांना लागतो. मलाच का लागत नाही?"

त्या दिवशी घरी आल्यावर तुळशी जेवली नाही.

हे सगळं स्वातंत्र्य मिळालं त्याच्या आगेमागेचं. पुढची गोष्ट बावन्न सालच्या वैशाखातली.

शेव्यात धर्मा नावाचा एक आगरी होता. त्याची धाकटी बहीण कमळ विशीच्या आतच विधवा होऊन भावाकडे आली होती. दोन वर्षांनी तिला दिवस गेले. कुणाचं मूल ते तिनं मार खाऊनही सांगितलं नाही. धर्मा तसा वाईट माणूस नव्हता, पण चार लोकांत त्याची मान खाली गेली होती. त्यानं तुळशीला सांगून ठेवलं, "पोर जितं निघालं तर ह्या घरात त्याला पानी नाय. नि तिलाही नाय."

ज्या दिवशी कमळला कळा लागल्या त्या दिवशी सगळं गाव मिठागरावर होतं. पावसाच्या आत मीठ ओढून घ्यायची घाई. भर दुपारी घरात फक्त त्या दोघी. मुलगी झाली ती निळी पडलेली, नाळेचा वेढा गळ्याला. तुळशीनं वेढा सोडवला, पाठीवर चापट्या मारल्या, तोंडात बोट घालून पाहिलं, थंड पाणी शिंपडलं, गरम पाण्यात धरलं. काही नाही.

"रडलं का?" कमळनं विचारलं.

"नाय ग पोरी. देवानं नेलं."

हे तुळशीनं खरं तेच सांगितलं होतं. पुढे आयुष्यभर ती हे वाक्य मनात उलटून पालटून बघत राहिली. त्या घटकेला ते खरंच होतं.

मेलेलं मूल खाडीकाठी पुरायचा रिवाज. तिनं ते फडक्यात गुंडाळलं, टोपलीत ठेवलं, कमळच्या अंगावर पांघरूण घातलं आणि ती बांधावरून चालू लागली. शिवेच्या बांधाशी पोचली तेव्हा टोपलीत काहीतरी हललं. तिला वाटलं, चालण्यानं हिंदकळलं असेल. मग उचकीसारखा आवाज आला. तिनं टोपली खाली ठेवली, पोरीला पायांना धरून उलटी केली, तोंडातून चिकट बुळबुळीत काहीतरी पडलं, आणि पोर रडली. मांजरीच्या पिल्लाएवढा आवाज.

मागे शेव्याची घरं दिसत होती. हाकेच्या अंतरावर. समोर उरणची वाट.

नंतर ती स्वतःला सांगत असे की आपण विचार केला, धर्माचा शब्द आठवला, पोरीचं काय होईल ते डोळ्यांपुढं आलं. पण खरं सांगायचं तर विचार असा झालाच नव्हता. डोळ्यांपुढं आली होती ती रेजिना. पाय चालू लागले ते उरणकडे. ती मागे वळली नाही.

दीड-दोन तासांनी ती भट्टीच्या मागच्या दारानं आत शिरली. रेजिना पीठ चाळत होती. तुळशीनं पोर तिच्या पिठाळलेल्या हातात दिली.

"हिला कोन नाय. कुनाची ते इचारू नको."

रेजिनानं विचारलं नाही. ती मटकन खाली बसली आणि पोरीच्या कपाळाला कपाळ लावून हमसून हमसून रडली. पास्कू दारात येऊन उभा राहिला आणि त्यानं डोक्यावरची टोपी काढली. पुढल्या रविवारी पादरींनी पोरीच्या डोक्यावर पाणी घातलं. नाव ठेवलं फिलोमिना. घरात फिलू.

दहाव्या दिवशी कमळ तुळशीकडे आली. तिच्या छातीला घट्ट फडकं बांधलेलं होतं.

"तुळशीआय, कुठं पुरलंस ते दाखव."

तुळशीनं तिला खाडीकाठचं एक तिवराचं झुडूप दाखवलं. हे मात्र धडधडीत खोटं. कमळ तिथं बसून राहिली, भरतीचं पाणी पावलांना लागेपर्यंत. पुढे दर वैशाखात ती तिथं भाताचा घास ठेवून येई. तुळशीच्या घरासमोरूनच जायची, हातात द्रोण घेऊन.

वर्षं गेली. कमळनं पाट लावून दुसरं घर केलं नाही. धर्माला पुढे तिचा राग राहिला नाही. उलट अठ्ठावन्न साली त्याच्या मेव्हण्याची पोर अनाथ झाली, तिला त्यानं घरी आणलं आणि खांद्यावर घेऊन जत्रेला नेलं. तुळशी ते बघत होती. हाच माणूस त्या दिवशीही वळला असता का? पोर समोर ठेवली असती तर घेतली असती का त्यानं? की घेतली नसती? मागे जाऊन कोण बघणार!

बुधाजी तापानं गेला होता. त्याच्या आजारपणात ती एकदा त्याच्यापाशी बोलणार होती, पण आजारी माणसावर हे ओझं घालायचं तिला नको वाटलं.

तुळशी आठ-पंधरा दिवसांनी उरणला बाजाराला जाई, तेव्हा भट्टीत डोकावून येई. फिलू वाढत होती. कमळसारखीच कानाची पाळी, तीच चालताना डावा खांदा झुकवायची लकब. पण बोलायची ती रेजिनासारखी, आणि हसायची पास्कूसारखी, नाक मुरडून. बघून तुळशीला समाधान वाटे आणि समाधान वाटलं की भीती वाटे.

फिलू आठ वर्षांची झाली तेव्हा चर्चमध्ये तिची शिकवणी सुरू झाली. पहिला प्रसाद घ्यायचा तर आधी पादरींपाशी पापं कबूल करायची. त्याला ते लोक कुमसार म्हणत. एका सकाळी फिलू ओट्यावर बसून प्रश्नोत्तरं घोकत होती.

"देवानं मला कशासाठी घडवलं? त्याला ओळखायला, त्याच्यावर माया करायला…" मग ती अडखळली आणि तुळशीकडे वळली. "तुळशीबाय, तुला कशाला घडवलं ग?"

"मना? पोरांची सुटका करायला."

"आणि कुमसारात मी काय सांगू? माझी दोनच पापं सापडलीत. एक मी मांजराला लाथ मारली, दुसरं आईला खोटं बोलले. तू कधी खोटं बोललीस?"

रेजिना आतून ओरडली, "फिलू, मोठ्या माणसांना असं विचारत नाहीत!"

तुळशी हसली. पण घरी येईपर्यंत त्या पोरीचे दोन्ही प्रश्न तिच्या मागे येत राहिले. आपल्याला पोरांची सुटका करायला घडवलं, हे बरोबर. पण एकीपासून सोडवून दुसरीच्या ओटीत घालायलाही देवानंच घडवलं का? आणि ते देवानंच करवून घेतलं असेल, तर मग आपल्याला झोप का लागत नाही?

तिनं विचारायचं ठरवलं. आपली माणसं म्हणून आधी देवळात गेली. उरणला रामनवमीचं कीर्तन होतं. कीर्तन संपल्यावर बुवा पान लावत बसले होते, तिथं ती खाली बसली.

"बुवा, एकाच कामात पुन्य नि पाप दोन्ही असलं तर?"

बुवांनी तिच्याकडे नीट पाहिलं. "दोन्हींची फळं वेगवेगळी भोगावी लागतात, बाई. पुण्यानं पाप पुसलं जात नाही."

"मग सुटका कशानं?"

"भोगून. नाहीतर नामानं. मनापासून घेतलं तर नामानं सगळं जळतं."

"म्हंजे भोगावं लागतं का जळतं?"

बुवा हसले, म्हणाले, "दोन्ही खरं आहे." तुळशीनं नमस्कार केला. वाटेत तिनं नाम घेऊन पाहिलं. दहा पावलं गेलं की मध्येच तिवराचं झुडूप डोळ्यांसमोर यायचं.

मग एका दुपारी ती चर्चच्या पायरीवर जाऊन बसली. पादरी म्हातारे होते, वसईकडचे, मराठी बोलणारे. ते बाहेर आले आणि तिच्याशेजारी, पायरीवरच बसले.

"तुम्ही आमच्यातल्या नाही, म्हणून मी तुम्हाला कुमसार देऊ शकत नाही," ते म्हणाले. "पण ऐकू शकतो. आणि ऐकलेलं माझ्यापाशीच राहील."

तुळशीनं नावं न घेता सगळं सांगितलं. त्यांना ती पोर कोण ते कळलं की नाही, हे त्यांच्या चेहऱ्यावरून समजेना.

"देव क्षमा करतो," ते म्हणाले. "कितीही मोठं पाप असलं तरी. माणसानं फक्त पश्चात्ताप करायचा."

"ते कसं करतात?"

"मनापासून वाईट वाटलं पाहिजे. दुसऱ्याचं घेतलेलं परत करता येत असेल तर करायचं. आणि पुन्हा तशी वेळ आली तर तसं करणार नाही, असं ठरवायचं."

तुळशी विचारात पडली. "बाबा, वाईट तर रोज वाटतं. पन परत दिली तर ती दुसरी मरंल. नि पोरीचं काय? ती काय भांडं हाय, इकडून तिकडं ठेवायला?"

"खरं आहे."

"नि पुन्हा तशी वेळ आली…" ती थांबली. तिला खोटं बोलायचं नव्हतं, निदान इथं तरी. "पुन्हा तशी वेळ आली तर मी तेच करीन, बाबा. टोपली उचलून तिकडंच जाईन. मग मना माफी हाय का न्हाय?"

पादरींनी डोळे मिटले. तुळशीला वाटलं, प्रार्थना करताहेत. मग ते म्हणाले, "मला माहीत नाही, बाई. चाळीस वर्षं मी लोकांची पापं ऐकतोय. हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी तुमच्यासाठी प्रार्थना करीन."

एवढा शिकलेला माणूस असं म्हणाला, याचं तिला नवल वाटलं, आणि थोडी भीतीही.

शेवटी ती बीबनकडे गेली. बीबनला तिनं नावांसकट सांगितलं. दोघी बाळंतपणं करणाऱ्या, त्यांच्यात पडदा नव्हता. बीबन सुपारी कातरत ऐकत होती. तिची कातर थांबली.

"हे बघ तुळशी, आमच्यात असं हाय. अल्लाचा गुन्हा केलास, तौबा कर, तो माफ करतो. पण बंद्याचा, माणसाचा, गुन्हा केलास तर तो बंदाच माफ करणार. अल्ला मध्ये पडत नाय. तुला कमळपाशी जावं लागंल."

"नि ती उरणात येऊन पोर मागाय लागली तर?"

"ते तू समज. मी सांगितलं ते किताबातलं सांगितलं. मला इचारशील तर मी नसते गेले."

या तिघांचं ऐकून तुळशी होती त्याहून जास्त गोंधळली. एक म्हणतो भोग, एक म्हणतो परत दे, एक म्हणते तिच्याकडे जा आणि जाऊही नको. तिघंही खोटं सांगत नव्हते हे तिला दिसत होतं. आणखी तीन वर्षं तिनं तशीच काढली.

त्रेसष्ट सालच्या वैशाखात कमळ द्रोण घेऊन दारावरून गेली तेव्हा तिच्या केसांत तुळशीला पांढरी बट दिसली. त्या बटेनं काय झालं कोण जाणे. दुपारी तुळशी मिठागरावर गेली. जेवणाच्या सुट्टीत कमळ मांडवाखाली एकटी बसली होती. तुळशी तिच्यासमोर बसली आणि तिनं सगळं सांगितलं. टोपली, उचकी, शिवेचा बांध, भट्टीचं मागलं दार.

कमळनं मडक्यातलं पाणी ओतून घेतलं. प्यायली. मग म्हणाली, "शिवेच्या बांधाशी होतीस तू?"

"व्हय."

"मी तुना हाक मारली होती. एकदा तोंड बघायचं होतं. दारापरेंत सरपटत आले नि हाक मारली. तू नाय वळलीस."

तुळशीला हाक आठवेना. अकरा वर्षांत तिनं ती वाट हजारदा मनात चालून पाहिली होती आणि त्यात हाक कुठंच नव्हती. ऐकू आली नसेल? की आली होती, आणि तिनंच ती विसरून टाकली होती?

"मना आली नाय ग ऐकू," ती म्हणाली, आणि हे तरी खरं का, तेही तिला सांगता आलं नसतं.

कमळ उठून कामाला गेली. चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी ती एकटीच उरणला गेली. तुळशी दिवसभर उंबऱ्यावर बसून होती. दर घटकेला तिला वाटे, आता आरडाओरडा ऐकू येईल, आता लोक धावत येतील. दिवस कलायला लागला तेव्हा कमळ आली. तिच्या हातात कागदात बांधलेले पाव होते. त्यातले दोन तिनं तुळशीपुढं ठेवले.

"पोरीनं बांधून दिले. मना मावशी म्हनली. शाळेत पयली येते म्हनं."

"मग?"

"मग काय? ती पाववाल्याची पोर हाय. आईला कशी हाक मारत होती! माझी नाय ती. माझी तिकडं हाय." तिनं खाडीकडे बोट केलं.

"कमळ, तिकडं काय नाय ग. सांगितलं ना मी तुला."

"हाय. अकरा वरसं मी तिला जेवायला घातलंय."

तुळशीनं विचारलं, "मग मला माफ केलंस का तू?"

कमळ तिच्याकडे बघत राहिली. त्या बघण्यात राग होता, की कीव, की नुसताच थकवा, तुळशीला कळलं नाही.

"माफी कसली? माझी मेलेलीच जन्मली. तूच सांगितलंस. जिची पोर चोरलीस ती कोन बाई असंल तिला इचार."

ती निघून गेली. तुळशीनं हे सगळं जाऊन बीबनला सांगितलं.

"मग केलं की ग माफ तिनं," बीबन म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "का नाहीच केलं?" दोघी म्हाताऱ्या एकमेकींकडे बघत बसल्या.

पासष्ट साली पास्कूच्या भावानं वांद्र्याला मोठी भट्टी घातली आणि पास्कूला बोलावून घेतलं. मोरा बंदरावरून ते लाँचनं निघाले तेव्हा तुळशी निरोप द्यायला गेली. फिलू तेरा वर्षांची, उंच, तिनं वाकून तुळशीला मिठी मारली. ती सामानाकडे गेली तशी रेजिना जवळ आली.

"तुळशीबाय, इतकी वर्षं मी तुला विचारलं नाही. ती कोण असेल, तिच्यासाठी मी रोज प्रार्थना करते. नाव माहीत नाही, म्हणून 'ती बाई' म्हणते. आता जाताना विचारू का?"

"नको," तुळशी म्हणाली.

"बरं," रेजिना म्हणाली, आणि तिच्या खांद्यावरचं केवढंतरी वजन उतरल्यासारखं झालं. आपल्या मात्र नाही उतरलं, हे तुळशीला जाणवलं. लाँच दिसेनाशी होईपर्यंत ती धक्क्यावर उभी होती.

घरी परतताना बांधावर कमळ भेटली. डोक्यावर गवताचा भारा. उरणची ही खबर शेव्यात कुणालाच ठाऊक नव्हती, तुळशीनं तर मुद्दामच लपवली होती.

"लाँच येळेवर सुटली का?" कमळनं विचारलं.

तुळशीनं मान हलवली.

"वारा होता आज," एवढं बोलून कमळ पुढे गेली.

पुढच्या सकाळी न्हाव्याहून बोलावणं आलं. पहिलटकरीण होती, घाबरलेली. तुळशीनं तिला विचारलं, तुमच्याकडं यंदा बोंबील किती सुकवले, कोंबड्या किती. पोरगा झाला, चांगला रडका, लाल. घरच्यांनी तिच्या ओटीत नारळ घातला. होडीतून परत येताना तिनं पुन्हा तो पापपुण्याचा हिशेब जुळवायला घेतला: बुवांचं, पादरींचं, बीबनचं, कमळचं. अर्ध्या खाडीत आल्यावर तिचा डोळा लागला. होडीवाल्यानं शेव्याला हलवून उठवलं तेव्हा, हिशेबात आपण कुठपर्यंत आलो होतो, तेच तिला आठवेना.